जेम्स मॅकबेन : वायू तोलणारा रसायनशास्त्रज्ञ

सोयाबीनची सोंगणी आटोपली, की वाशीम जिल्ह्यातील बाजार समित्यांच्या आवारात पिवळ्या दाण्यांचे ढीग पडू लागतात. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, सगळीकडे हेच दृश्य. भाव ठरण्यापूर्वी ढिगातले मूठभर दाणे एका छोट्या यंत्रात टाकले जातात आणि यंत्र ओलाव्याचा आकडा सांगते. हमीभावाच्या खरेदीसाठी हा ओलावा बारा टक्क्यांपर्यंत असावा, असा दंडक होता. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली. दोन-तीन टक्क्यांच्या या फरकात शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल अडकलेले असते. दिवसभर उन्हात वाळवलेला माल रात्री उघड्यावर राहिला, तर सकाळी तो पुन्हा जड लागतो, हा अनुभव आपल्याकडे कोणाला नाही? त्यावर कोणी पाणी शिंपडलेले नसते. हवेतील बाष्प दाण्याने आपणहून धरून ठेवलेले असते.

घन पदार्थ भोवतालचा वायू किंवा बाष्प किती धरून ठेवील, हे त्या वायूचा दाब, तापमान आणि पदार्थाची आंतररचना यांवर अवलंबून असते. वायू केवळ पृष्ठभागाला चिकटला, तर त्यास अधिशोषण म्हणतात. तो पदार्थाच्या अंतरंगात मुरला, तर ते शोषण. पुष्कळदा या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात आणि त्या वेगळ्या काढणे दुरापास्त होते. अशा वेळी दोहोंना सामावून घेणारा ‘सॉर्प्शन’ हा शब्द जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. धान्याच्या ओलाव्याचे कोष्टक मांडणारा कृषी अभियंताही तोच शब्द वापरतो. हा शब्द रूढ करणारे आणि घन पदार्थाने धरलेला वायू थेट काट्यावर तोलून दाखविणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे जेम्स विल्यम मॅकबेन. त्यांच्या कारकिर्दीचा अखेरचा अध्याय पुण्यात, पाषाणच्या माळावर लिहिला गेला, याचे स्मरण मात्र आता फारसे उरलेले नाही.

मॅकबेन यांचा जन्म २२ मार्च १८८२ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात चॅटम या गावी झाला. टोरोंटो विद्यापीठातून १९०३ मध्ये पदवी आणि पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी घेऊन ते जर्मनीला गेले. भौतिक रसायनशास्त्र ही विद्याशाखा तेव्हा ऐन उमेदीत होती आणि तिचे माहेरघर जर्मनी हेच होते. लाइपझिग येथे काही काळ शिकून त्यांनी हायडेलबर्ग विद्यापीठात गेओर्ग ब्रेडिग यांच्या मार्गदर्शनाखाली १९०९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. दरम्यान १९०६ मध्येच इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. पुढची वीस वर्षे ते ब्रिस्टलमध्येच राहिले. १९१९ मध्ये तेथे भौतिक रसायनशास्त्राचे लीव्हरह्यूम अध्यासन स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला.

ब्रिस्टलच्या आरंभीच्या काळात त्यांनी हाती घेतलेला प्रश्न वरवर पाहता साधा होता. लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा वायू धरून ठेवतो, हे शंभराहून अधिक वर्षे ठाऊक होते. जेम्स ड्यूअर यांनी द्रवरूप हवेइतक्या थंड केलेल्या कोळशाच्या साहाय्याने भांड्यातील उरलासुरला वायू काढून उत्तम निर्वात पोकळी मिळविली होती. पण कोळशात गेलेला वायू नेमका असतो कुठे? मॅकबेन यांनी हायड्रोजन आणि कोळसा घेऊन प्रयोग केले. वायूचा बराचसा भाग कोळसा तत्काळ घेतो आणि त्यानंतर कित्येक तास अगदी संथ गतीने आणखी घेत राहतो, असे त्यांना आढळले. पहिली झटपट क्रिया पृष्ठभागावरची. दुसरी, वायू कोळशाच्या अंतरंगात झिरपण्याची. एकूण घटलेला वायू मोजून तो सगळाच पृष्ठभागाच्या खात्यावर मांडला, तर हिशेब चुकणार हे उघड होते. १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दोहोंना मिळून ‘सॉर्प्शन’ हे नाव सुचविले. जे प्रत्यक्ष मोजले आहे त्याला एक नाव द्यावे आणि जे तर्काने ठरवायचे आहे त्याला दुसरे, हा त्यामागचा विवेक होता. मॅकबेन यांच्या साऱ्या संशोधनाला हाच विवेक पुरून उरला.

या विवेकाची कसोटी लवकरच लागली, ती साबणाच्या निमित्ताने. साबणाचे पाणी अनेक बाबतींत विचित्र वागत असे. त्यातील विरघळलेल्या कणांची संख्या मोजावी, तर ती अपेक्षेपेक्षा फारच कमी भरे. विजेचे वहन पाहावे, तर ते मात्र भरपूर असे. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? साबणाचे पुष्कळ आयन एकत्र येऊन मोठा, विद्युतभारित पुंज बनवीत असले पाहिजेत, असा निष्कर्ष मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास मांडला. अशा पुंजास पुढे मायसेल म्हणू लागले. सारख्या विद्युतभाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, मग ते एकत्र नांदतील कसे, असा आक्षेप त्या काळच्या जाणकारांनी घेतला. लंडनमधील एका सभेत अध्यक्षस्थानी असलेल्या विद्वानाने त्यांचे म्हणणे एका शब्दात मोडीत काढले, अशी आठवण रसायनशास्त्राच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. मॅकबेन यांनी वाद वाढविला नाही; मोजमापे वाढविली. मेरी लैंग आणि सी. एस. सॅमन यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी साबणाच्या द्रावणांची वर्षानुवर्षे चिकाटीने तपासणी केली. मेरी लैंग पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. आज कपड्यांचा मळ कसा निघतो हे शाळेच्या पुस्तकात शिकविताना मायसेलचे चित्र काढले जाते. १९२३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

दरम्यान वायूंच्या अधिशोषणाचा विषयही झपाट्याने पुढे सरकत होता. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये विषारी वायूचा वापर झाला आणि कोळसा भरलेले मुखवटे सैनिकांच्या जीवनमरणाचा प्रश्न बनले. अमेरिकेत तर १९१८ मध्ये या कोळशासाठी फळांच्या कोयी आणि कवचे घरोघरून गोळा करण्यात आली. त्याच सुमारास अमेरिकेतील आयर्विंग लँगम्यूर यांनी अधिशोषणाचे एक सुटसुटीत गणित मांडले. घन पृष्ठभाग म्हणजे ठरावीक आसनांची बैठक आणि प्रत्येक आसनावर वायूचा एकच रेणू, अशी त्यांची कल्पना. रेणू येऊन बसतात आणि उठूनही जातात. बसणाऱ्यांचा आणि उठणाऱ्यांचा वेग सारखा झाला, की समतोल साधतो. दाब वाढविला, की भरलेल्या आसनांचे प्रमाण आधी भराभर आणि मग मंदावत वाढते. शेवटी सर्व आसने भरली, की कितीही दाब दिला तरी वाढ होत नाही. दाबाला अधिशोषित वायूच्या मात्रेने भागून येणारी संख्या दाबासमोर आलेखावर मांडली, तर सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून एका थराला लागणारा वायू काढता येतो.

गणित सुंदर होते, परंतु त्यात घालायचे आकडे कितपत खरे होते? त्या काळची रीत अशी : बंद भांड्यात मोजून वायू सोडायचा, दाब किती उतरला ते पाहायचे आणि नाहीसा झालेला वायू घन पदार्थाने घेतला असे धरायचे. ही वजाबाकी झाली. नळीच्या काचेला चिकटलेला वायू, सांध्यातून निसटलेला वायू, भांड्यातील रिकाम्या जागेच्या मापातील चूक, हे सारे बिनबोभाट त्या घन पदार्थाच्या नावावर जमा होई. दाब जास्त असेल, किंवा वायूऐवजी सहज द्रवरूप होणारे बाष्प असेल, तर ही चूक आणखी वाढे.

मॅकबेन यांनी यावर शोधलेला उपाय सोपा होता : वजाबाकी नको, तोलूनच पाहू. ए. एम. बक्र या सहकाऱ्यासह त्यांनी १९२६ मध्ये आपला सॉर्प्शन तराजू प्रसिद्ध केला. क्वार्ट्‌झ वितळवून काढलेल्या बारीक तंतूची स्प्रिंग, तिच्या खालच्या टोकाला टांगलेली इवलीशी परडी, परडीत कोळशासारखा पदार्थ आणि हे सगळे बंद काचनळीत. नळीत वायू सोडला, की पदार्थ तो धरतो, परडी जड होते आणि स्प्रिंग लांबते. ही लांबण बाहेरून दुर्बिणीच्या उंचीमापकाने वाचायची. क्वार्ट्‌झला बहुतेक वायू बाधत नाहीत, तो गंजत नाही आणि भार काढला की मूळ लांबीवर परत येतो, म्हणून त्याची निवड. काचेला चिकटलेल्या वायूचा येथे काहीच संबंध उरत नाही. परडीतला पदार्थ जड झाला तेवढाच हिशेबात येतो.

एक उदाहरण घेऊ. परडीत एक ग्रॅम कोळसा आहे आणि दर १० मिलिग्रॅम वजनाला स्प्रिंग ३ मिलिमीटर लांबते, असे समजा. ठरावीक तापमानाला आणि दाबाला स्प्रिंग ३३ मिलिमीटर लांबली, तर कोळशाने ११० मिलिग्रॅम वायू घेतला. भोवतालच्या वायूत पदार्थ थोडा हलका भासतो, पाण्यात बादली हलकी भासते तसा; म्हणून तेवढी दुरुस्ती करावी लागते. मग दाब टप्प्याटप्प्याने वाढवीत प्रत्येक वेळी लांबण वाचायची. तापमान कायम ठेवून असे मिळालेले बिंदू जोडले, की त्या पदार्थाचा समतापी वक्र तयार होतो. निराळ्या तापमानांना असे दोन-तीन वक्र काढले, तर तेवढाच वायू धरून ठेवण्यासाठी किती दाब वाढवावा लागतो यावरून पृष्ठभाग वायूला किती घट्ट धरतो, म्हणजे अधिशोषणाची उष्णता, हेही गणिताने काढता येते. बाजार समितीतल्या धान्याचा ओलावा आणि हवेतील आर्द्रता यांचे नाते दाखविणारा आलेख हाही असाच समतापी वक्र आहे.

त्याच सुमारास मॅकबेन ब्रिस्टल सोडून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच प्राध्यापक होते. १९३२ मध्ये घन पदार्थांनी वायू आणि बाष्पे धरून ठेवण्याच्या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

या ग्रंथातील एक कल्पना आपल्या काळ्या मातीशी नाते सांगणारी आहे. झिओलाइट या खनिजवर्गातील कॅबाझाइट नावाचा स्फटिक तापवला, की त्यातील पाणी निघून जाते, पण स्फटिकाचा सांगाडा ढासळत नाही. त्या रिकाम्या सांगाड्यात पाण्याचे किंवा अल्कोहोलचे लहान रेणू शिरतात; ॲसिटोन किंवा बेंझीनचे मोठे रेणू मात्र दाराशीच अडतात. जर्मन संशोधकांना आढळलेल्या या गुणाला मॅकबेन यांनी ‘रेणूंची चाळणी’ असे समर्पक नाव दिले आणि ते कायमचे रूढ झाले. वाशीम जिल्हा ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो पाषाण झिओलाइटसाठी जगप्रसिद्ध आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. दख्खनच्या पठारावर खाणी आणि विहिरी खोदताना निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत.

मॅकबेन यांच्या स्वभावाचे खरे दर्शन घडते ते त्यांच्या एका चुकीतून. द्रवाच्या पृष्ठभागी विरघळलेला पदार्थ किती गोळा होतो, याचे सूत्र विलार्ड गिब्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच दिले होते. १९२७ मध्ये मॅकबेन आणि डेव्हिस यांनी बुडबुड्यांच्या साहाय्याने ते तपासले, तेव्हा सूत्रापेक्षा कितीतरी अधिक पदार्थ पृष्ठभागी आढळला. सूत्रच अपुरे आहे असे म्हणण्यास जागा होती आणि एवढ्यावर थांबणे सोयीचेही होते. पण मॅकबेन यांनी आणखी थेट मोजणीचा ध्यास घेतला. रुळांवरून वेगाने धावणाऱ्या पात्याने द्रवाचा सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका वरचा पापुद्रा खरवडून घ्यायचा आणि त्यातील पदार्थ मोजायचा, असे यंत्र त्यांनी हम्फ्रीज यांच्यासह उभारले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांनी गिब्ज यांचेच सूत्र खरे ठरविले. स्वतःचा आधीचा निष्कर्ष स्वतःच्याच यंत्राने खोडून काढण्याचे धैर्य फार थोड्यांना साधते. १९३९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक देऊन गौरविले.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसण्याचा हक्क त्यांनी निश्चितच कमावला होता. परंतु त्या वेळी नुकताच स्वतंत्र झालेला भारत राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी करीत होता. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते एप्रिल १९४७ मध्ये बसविण्यात आली होती. तिचे पहिले संचालकपद मॅकबेन यांना देण्यात आले आणि १९४९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते पुण्यात दाखल झाले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले.

स्वतंत्र देशाच्या प्रयोगशाळेची धुरा परकीय माणसाच्या हाती असावी का, हा प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे उत्तर त्या काळाच्या गरजेत होते. इमारत उभी राहिली म्हणजे प्रयोगशाळा उभी राहत नाही. उपकरणे जमवावी लागतात, माणसे निवडावी लागतात आणि मुख्य म्हणजे काटेकोर मोजमापाची शिस्त रुजवावी लागते. ही शिस्त चाळीस वर्षे जगलेला माणूस पुण्याला मिळाला. कलिल रसायनावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १९५० मध्ये, ते पुण्यात असतानाच प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. त्यांच्यामागून इंग्लंडमधील शास्त्रज्ञ आणि एव्हरेस्टवीर गिर्यारोहक जॉर्ज फिंच आले आणि १९५७ मध्ये डॉ. के. वेंकटरामन यांच्या रूपाने प्रयोगशाळेला पहिला भारतीय संचालक लाभला.

अमेरिकेत परतल्यावर मॅकबेन यांना फारसे आयुष्य लाभले नाही. मार्च १९५३ मध्ये, एकाहत्तरावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला असताना, त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये कलिल विज्ञानातील तरुण संशोधकांना त्यांच्या नावाचे पदक दिले जाते.

त्यांनी रुजविलेल्या मोजणीवर पुढे मोठी इमारत उभी राहिली. ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये एकावर एक बसणाऱ्या अनेक थरांचे गणित दिले. त्या गणिताने पदार्थाचे खरे क्षेत्रफळ काढता येते. एक ग्रॅम कोळशावर पहिला थर पूर्ण करण्यास २३० घनसेंटिमीटर नायट्रोजन लागला असे धरले, तर त्यात सुमारे ६२ वर २० शून्ये इतके रेणू असतात. प्रत्येक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. गुणाकार केला, की उत्तर येते सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! अर्थात अतिशय अरुंद छिद्रांत थरावर थर बसायला जागाच नसते. तेथे हा आकडा शब्दशः घ्यायचा नसतो. मोजलेले आणि मानलेले यांतील अंतर विसरू नये, हा मॅकबेन यांचा धडा येथेही लागू पडतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेने पुढे झिओलाइट उत्प्रेरकांत डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनामुळे जगात नाव मिळविले. १९८० च्या दशकात तिचा झिओलाइट पेट्रोरसायन उद्योगात प्रत्यक्ष वापरला गेला. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी देशभर हाहाकार उडाला, तेव्हा जिल्हा रुग्णालयांच्या आवारांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प उभारण्यात आले. त्यांच्या टाक्यांत कृत्रिम झिओलाइटच्या गोळ्या भरलेल्या असतात. दाबाखालील हवा आत सोडली, की नायट्रोजन गोळ्यांना अधिक घट्ट चिकटतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. दाब उतरवला, की नायट्रोजन सुटतो आणि गोळ्या पुन्हा कामाला तयार होतात. टाकी केवढी हवी, दाब किती ठेवायचा, गोळ्या किती वेळात भरतील, हे सगळे समतापी वक्रावरूनच ठरते. तो वक्र चुकीचा असेल, तर रुग्णाच्या खाटेपर्यंत जाणारा श्वासही कमी पडेल.

वायू डोळ्यांना दिसत नाही आणि मुठीत धरता येत नाही. म्हणून तो हिशेबात कसाही मांडला तरी चालतो, असा मोह होऊ शकतो. क्वार्ट्‌झच्या एका नाजूक तंतूला तो वायू टांगून मॅकबेन यांनी हा मोह आयुष्यभर दूर ठेवला. सोयाबीनच्या ढिगापाशी उभा राहून ओलाव्याच्या आकड्याकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याचे त्यांच्याशी नाते आहे ते इथे. त्याचीही अपेक्षा एवढीच असते, की जे आहे तेवढेच आणि तसेच मोजले जावे.